आधी वजनाचा हिशेब, मग ट्रेलर

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या हर्शी गावात जुन्या मोटारींची जत्रा भरते. चॉकलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात ‘अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका’ या संस्थेचा शरद ऋतूतला मेळावा १९५५ पासून भरत आला आहे. मैदानभर सुट्या भागांच्या पथाऱ्या असतात: कार्ब्युरेटर, हेडलाइटच्या काचा, क्रोमचे बंपर, गंजलेल्या नंबरप्लेटा. एका बाजूला विकायला आणलेल्या सबंध गाड्या रांगेने उभ्या असतात. घासाघीस होते, सौदा ठरतो, हातात हात मिळतात, आणि लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो. ही गाडी घरी न्यायची कशी?

समजा, सौदा १९६५ च्या शेवर्ले इम्पालाचा झाला. त्या साली अमेरिकेत या मॉडेलच्या दहा लाखांहून अधिक गाड्या खपल्या होत्या, त्यामुळे अशा बाजारात ती आजही भेटते. इंजिन एका चावीत सुरू होते, आवाजही गोड येतो. तरीही अनेक वर्षे शेडमध्ये उभी असलेली गाडी घेऊन थेट हायवेला लागणे म्हणजे जिवाशी खेळ. रबरी होज कडक झालेले असतात, ब्रेकच्या नळ्या आतून गंजलेल्या असू शकतात, टायरला नक्षी दिसली तरी त्याचे रबर म्हातारे झालेले असते. शिवाय नोंदणी आणि विमा नव्या मालकाच्या नावावर व्हायचा असतो. म्हणून जाणकार माणूस अशा बाजारात ट्रेलर घेऊनच येतो.

त्यातला सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे ओपन ट्रेलर. पोलादी किंवा अॅल्युमिनियमची चौकट, तिच्यावर सपाट तळ, मध्याच्या थोडे मागे दोन अॅक्सल, चार चाके, मागच्या बाजूला गाडी चढवायला दोन रॅम्प. ना भिंती, ना छप्पर. हौशी शर्यतपटू शनिवार-रविवारच्या शर्यतीला आपली गाडी अशाच ट्रेलरवर नेतात, गॅरेजवाले नादुरुस्त गाड्या आणतात, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलवणारी कुटुंबे दुसरी गाडी यावरच लादतात.

मोटार स्वतः न चालवता लादून नेण्याची कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. क्लीव्हलँडच्या अलेक्झांडर विंटन यांनी १८९८ मध्ये मोटारी विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक दूरच्या शहरात असले की गाडी चालवत पोहोचवावी लागे, आणि तेवढ्यातच तिची झीज होई. यावर उपाय म्हणून त्यांनी दुसऱ्या मोटारीमागे जोडायची एक गाडी बनवली. मोटार वाहणाऱ्या ट्रेलरचा तो आरंभ मानला जातो.

उघडा की बंदिस्त?

ट्रेलर घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला मोह असतो बंदिस्त ट्रेलरचा. चारही बाजूंनी भिंती, वर छप्पर, मागे कुलूप. गाडीवर पाऊस नाही, धूळ नाही, पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेला खडा नाही. रात्री मोटेलच्या आवारात उभी केली तरी आत काय आहे ते कुणाला दिसत नाही. लाखो डॉलरची दुर्मीळ गाडी असेल तर हा विचार अगदी रास्त आहे.

पण या भिंतींचेही वजन असते. मोटारीसाठीचा २४ फुटी बंदिस्त ट्रेलर रिकामाच १,६०० ते २,००० किलोच्या घरात जातो. तेवढ्याच कामाचा उघडा पोलादी ट्रेलर साधारण ९०० ते १,१०० किलोत बसतो. म्हणजे रस्त्यावर उतरण्याआधीच पाऊण ते एक टनाचा फरक. त्यात वाऱ्याची भर. बंदिस्त ट्रेलरचे तोंड आणि बाजू म्हणजे मोठी सपाट भिंत. समोरचा वारा पेट्रोल पितो आणि बाजूने आलेला झोत ट्रेलर ढकलतो. उघड्या ट्रेलरला ही अडचण खूप कमी. आरशात मागचा रस्ता दिसतो, चढवलेल्या गाडीचे पट्टे सैल झाले तर तेही दिसते. किंमतही बरीच कमी, आणि घराच्या अंगणात तो कमी जागा अडवतो.

रोज वापरायची गाडी, शर्यतीची गाडी, अर्धवट दुरुस्त झालेली जुनी गाडी यांच्यासाठी उघडा ट्रेलर पुरेसा असतो. नव्याकोऱ्या मोटारीसुद्धा कारखान्यातून शोरूमपर्यंत बहुतेक वेळा उघड्या ट्रेलरवरूनच येतात.

आणखी एक स्वस्त वाट आहे, टो डॉलीची. यात मोटारीची पुढची दोन चाके छोट्या दुचाकी गाड्यावर चढवतात आणि मागची दोन रस्त्यावर फिरत राहतात. पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीला हे चालते. इम्पालाला मात्र ताकद मागच्या चाकांना मिळते. ऑटोमॅटिक गिअर असेल तर इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही, आणि मागची चाके मात्र गिअरबॉक्सचे भाग फिरवत राहतात. वंगणावाचून फिरलेला गिअरबॉक्स जळतो. प्रोपेलर शाफ्ट सोडवून ठेवल्याशिवाय अशी गाडी डॉलीवर न्यायची नसते. विजेवरच्या मोटारींनाही चाके रस्त्यावर ठेवून ओढणे बाधते, कारण चाकांबरोबर मोटर फिरते आणि वीज तयार करू लागते. म्हणूनच बहुतेक कंपन्या अशी गाडी चारही चाके वर घेऊन न्यायला सांगतात.

तीन आकडे आणि एक पिवळी चिठ्ठी

ट्रेलर विकणारा आधी लांबी सांगतो, रंग दाखवतो, रॅम्प किती मजबूत आहेत ते पायाने ठोकून सांगतो. गिऱ्हाइकाने मात्र आधी ट्रेलरच्या चौकटीवरची पट्टी वाचावी. तिच्यावर ‘जीव्हीडब्ल्यूआर’ लिहिलेले असते. ट्रेलर आणि त्यावरचा माल मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल, त्याचा हा आकडा. अमेरिकेत मोटारीसाठीचे सर्वांत रुळलेले ट्रेलर ७,००० पौंडांचे, म्हणजे ३,१७५ किलोंचे असतात. त्यांना ३,५०० पौंडांचे दोन अॅक्सल असतात. त्यावरचा वर्ग जवळपास १०,००० पौंडांचा, म्हणजे साडेचार टनांचा, ५,२०० पौंडांच्या दोन अॅक्सलचा.

फसगत होते ती इथेच. ७,००० पौंडांचा ट्रेलर म्हणजे ७,००० पौंडांची मोटार नेणारा ट्रेलर नव्हे. त्यातून ट्रेलरचे स्वतःचे वजन वजा करायचे असते. उरते ती खरी वहनक्षमता.

इम्पालाचा हिशेब मांडून पाहावा. गाडीचे वजन सुमारे १,७०० किलो. लांबी २१३ इंच, म्हणजे पावणेअठरा फूट. १८ फुटी तळावर ती जेमतेम बसेल, पण पुढे-मागे सरकवून तोल साधायला जागा उरणार नाही. म्हणून २० फुटी पोलादी ट्रेलर धरू; रिकामे वजन १,०५० किलो. पट्टे, जॅक, जादा चाक आणि अवजारे १०० किलो. बेरीज २,८५० किलो. ३,१७५ च्या मर्यादेत सव्वातीनशे किलो शिल्लक राहतात. ट्रेलर पास झाला.

आता ओढणाऱ्या गाडीकडे वळावे. पिकअपच्या जाहिरातीत ‘इतके टन ओढते’ असा आकडा ठळक छापलेला असतो, आणि बहुतेक लोक तेवढाच पाहतात. खरी अडचण दुसऱ्या आकड्यात असते. ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा भार पिकअपच्या हुकावर पडतो. याला टंग वेट म्हणतात, आणि ते ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावे लागते. आपल्या २,८५० किलोंचे १२ टक्के धरले तर ३४२ किलो झाले. हा भार पिकअपच्या पाठीवर येतो, म्हणजे तो माणसे आणि सामानाच्या मर्यादेतच मोजायचा. ती मर्यादा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पांढऱ्या-पिवळ्या चिठ्ठीवर असते.

साध्या पिकअपच्या चिठ्ठीवर १,६०० पौंड, म्हणजे सुमारे ७२५ किलो लिहिलेले आहे असे समजू. आतली चार माणसे ३०० किलो. बॅगा, खाण्याची पेटी आणि हुकाचा लोखंडी दांडा ६० किलो. उरले ३६५. त्यात ३४२ बसले, फक्त २३ किलो राखून. आता हाच हिशेब बंदिस्त ट्रेलरचा करावा. ट्रेलर १,९००, इम्पाला १,७००, सामान १००, एकूण ३,७०० किलो. त्याचे १२ टक्के ४४४. म्हणजे पिकअपच्या मर्यादेबाहेर ७९ किलो. ३,१७५ किलोंचा ट्रेलरही आता चालणार नाही, वरच्या वर्गातला घ्यावा लागेल. इंजिन कदाचित कुरकुरणार नाही, पण मागचे स्प्रिंग, टायर आणि अॅक्सल यांच्यावर त्यांना न झेपणारा भार पडलेला असेल.

ओढण्याच्या त्या ठळक आकड्यालाही आता शिस्त आली आहे. पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्याच पद्धतीने तो ठरवत असे. ‘सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स’ने जे-२८०७ हे मानक आणले, आणि टोयोटाने २०११ च्या टुंड्रा पिकअपसाठी ते सर्वांत आधी स्वीकारले. इतर मोठ्या कंपन्या पुढच्या काही वर्षांत त्यावर आल्या. या मानकाची कसोटी अॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर बेतलेली आहे. सुमारे साडेअकरा मैलांचा हा घाट वाळवंटातून जवळपास ३,००० फूट वर चढतो. बाहेर ३८ अंश तापमान, एसी पूर्ण जोरात, मागे पूर्ण भरलेला ट्रेलर, आणि साध्या पिकअपचा वेग ताशी ४० मैलांच्या खाली येता कामा नये. या कसोटीतून आलेला आकडा गिऱ्हाइकाने विश्वासाने धरावा, पण पिवळी चिठ्ठी विसरून नव्हे.

ट्रेलरच्या बाजारात फिरणाऱ्याला एक चमत्कारिक आकडा वारंवार दिसतो: ९,९९० पौंड. अॅक्सल १०,४०० पौंडांचे, मग पट्टीवर इतका अडनिडा आकडा का? कारण अमेरिकेतले व्यावसायिक वाहतुकीचे आणि परवान्याचे अनेक नियम १०,००० पौंडांच्या रेषेपलीकडे लागू होतात. कारखानदार दहा पौंड अलीकडे थांबतो आणि गिऱ्हाइकाची बरीच कटकट वाचते. गाडी पैसे घेऊन वाहायची असेल तर मात्र ट्रेलर आणि पिकअप दोघांच्या क्षमतांची बेरीज पाहिली जाते, आणि ती सहज या रेषेपार जाते.

तोल कुठे आहे?

बैलगाडी भरणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. पोती मागे रचली की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. सगळी पुढे रचली की मानेवर नको इतका भार येतो. ट्रेलरचे शास्त्र नेमके हेच आहे, फरक फक्त वेगाचा.

ताशी शंभर किलोमीटरवर उलाळ ट्रेलर झोकांड्या खाऊ लागतो. वजन अॅक्सलच्या मागे गेले की ट्रेलरचे शेपूट एका बाजूला झुकते, परत येताना दुसऱ्या बाजूला अधिक जाते, आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. काही सेकंदांत तो पिकअपलाही फिरवतो. चालत्या ट्रेडमिलवर खेळण्यातली गाडी आणि ट्रेलर ठेवून हे दाखवणारे एक सोपे प्रात्यक्षिक आहे. वजन पुढे असताना बोटाने धक्का दिला तर ट्रेलर लगेच सरळ होतो. तेच वजन मागे सरकवून तसाच धक्का दिला की पाहता पाहता उलटतो. टंग वेट १० टक्क्यांच्या खाली नको, असे जाणकार बजावतात ते यामुळेच. १५ टक्क्यांच्या वरही बरे नाही, कारण पिकअपची मागची बाजू बसते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड जाते.

चुकून झोका सुरू झालाच तर पिकअपचा ब्रेक जोरात दाबू नये आणि वेग वाढवून सुटायलाही जाऊ नये. अॅक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि ट्रेलरचे ब्रेक हाताने लावावेत. केबिनमधल्या ब्रेक कंट्रोलरला त्यासाठी वेगळा खटका असतो.

मोटारीत जड भाग असतो तो इंजिन. पुढे इंजिन असलेली इम्पाला तोंड पुढे करून चढवली आणि इंच-इंच पुढे-मागे सरकवली की तोल साधतो. पोर्शे ९११ सारख्या गाडीचे इंजिन मागे असते. ती पुष्कळदा उलटी चढवावी लागते. ट्रेलरचा तळ पुरेसा लांब हवा तो या सरकवण्यासाठी. एकदा जागा ठरली की चाकापाशी तळावर रंगाची खूण करून ठेवतात, म्हणजे पुढच्या खेपेला अंदाज बांधावा लागत नाही.

दार उघडेल का?

लांबीची चर्चा सगळे करतात, रुंदीची अडचण मोटार वर चढल्यावर कळते. अमेरिकेत ट्रेलरची बाहेरची रुंदी १०२ इंचांपर्यंत चालते. त्यातून दोन्ही बाजूंची चाके आणि त्यांवरचे मडगार्ड वजा केले की आत साधारण ८२ इंच उरतात. इम्पाला सुमारे ८० इंच रुंद. चाके सहज बसतात, पण चालक आत अडकतो: दार उघडायला जावे तर ते मडगार्डवर आपटते. उंच एसयूव्हीचे दार मडगार्डच्या वरून निघते, बुटक्या गाडीचे निघत नाही. मग खिडकीतून बाहेर पडण्याची कसरत करावी लागते.

यावर तीन उपाय आहेत. एक, काढता येणारे मडगार्ड. गाडी चढवताना डावीकडचे काढायचे, उतरल्यावर परत लावायचे. दुसरा, चाकांच्या वरून जाणारा सपाट तळ; जागा भरपूर मिळते, पण तळ जमिनीपासून उंच जातो आणि गाडी चढवणे अवघड होते. तिसरा, पुढे बसवलेली विंच. गाडीत कुणी बसायचेच नाही, दोरीने हळूहळू वर ओढायची. बंद पडलेल्या गाड्या आणणाऱ्याला विंच लागतेच, त्यामुळे ती बसवण्याची पक्की जागा ट्रेलरच्या तोंडाशी आहे का, हे खरेदीच्या वेळी पाहावे.

चढण किती उभी, हाही तितकाच महत्त्वाचा मुद्दा. जमिनीलगत चालणाऱ्या गाडीचा पुढचा बंपर रॅम्पवर घासतो किंवा पोट कडेवर टेकते. त्यासाठी अनेक ट्रेलरचा मागचा दोन-तीन फुटांचा भाग खाली उतरता असतो. लांब रॅम्पनेही चढण सौम्य होते. काही ट्रेलरचा सबंध तळच मागे कलतो, रॅम्प लागतच नाहीत. सोय मोठी, पण वजन आणि किंमतही मोठी.

लोखंड, अॅल्युमिनियम आणि फळ्या

पोलादी ट्रेलर स्वस्त, भक्कम आणि कुठल्याही गावात वेल्डिंग होणारा. त्याचा वैरी गंज. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते चौकटीच्या सांध्यांत शिरले की रंगाखाली गंज चढत जातो. दरवर्षी धुवून, खरवडून रंग द्यावा लागतो.

अॅल्युमिनियमचा ट्रेलर त्याच मापात अडीचशे-तीनशे किलोंनी हलका असतो. वरच्या हिशेबात पिकअपजवळ फक्त २३ किलो शिल्लक होते. ट्रेलर २५० किलोंनी हलका झाला की टंग वेट ३० किलोंनी उतरते आणि ट्रेलरची वहनक्षमता तेवढ्याच २५० किलोंनी वाढते. आयोवातल्या क्रेस्को गावची फेदरलाइट कंपनी अशा ट्रेलरसाठी नावाजलेली आहे. किंमत पोलादी ट्रेलरच्या दीडपट-दुप्पट जाते, पण विकतानाही भाव चांगला येतो. खरेदीपूर्वी वेल्डिंगच्या जागा मात्र बारकाईने पाहाव्यात, कारण अॅल्युमिनियमला वारंवारच्या ताणाने बारीक तडे जातात.

तळासाठी प्रक्रिया केलेल्या पाइनच्या फळ्या सर्वांत स्वस्त. एखादी कुजली तर तेवढीच बदलता येते, आणि पावसात चाक कमी घसरते. पोलादी पत्र्याचा तळ टिकतो, पण वजन वाढवतो आणि ओला झाला की निसरडा होतो.

थांबण्याची सोय

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच, असा कायदा आहे. मोटार लादलेला ट्रेलर ही मर्यादा सहज ओलांडतो. ब्रेक दोन प्रकारचे मिळतात. सर्ज ब्रेक आपोआप चालतात: पिकअप थांबू लागली की ट्रेलर तिला पुढे ढकलतो, त्या दाबानेच ब्रेकचे तेल चाकांपर्यंत पोहोचते. भाड्याच्या ट्रेलरना हेच असतात, कारण पिकअपमध्ये वेगळे काही बसवावे लागत नाही. इलेक्ट्रिक ब्रेकला केबिनमध्ये कंट्रोलर लागतो, पण ताबा चालकाच्या हातात राहतो. घाट उतरताना आणि झोका आवरताना याचा फरक कळतो. दोन अॅक्सलच्या ट्रेलरला चारही चाकांना ब्रेक असावेत. दोनच चाकांना देऊन पैसे वाचवणारे विक्रेतेही आहेत.

ट्रेलर हुकातून निसटलाच तर एक पातळ तार खेचली जाते आणि ट्रेलरवरची छोटी बॅटरी ब्रेक लावते. ही बॅटरी वर्षानुवर्षे मेलेली राहते आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. निघण्यापूर्वी ती तपासायला एक मिनिट लागते.

टायरचे तसेच. ट्रेलरच्या टायरवर ‘एसटी’ अशी अक्षरे असतात. त्यांच्या बाजू जाड आणि कडक असतात. पुष्कळ एसटी टायर ताशी ६५ मैलांपर्यंतच चालवायचे असतात. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्याला ५५ मैलांचीच मर्यादा आहे. कमी हवा आणि जास्त वेग ही ट्रेलरचा टायर फुटण्याची नेहमीची जोडी.

मोटार बांधताना चार पट्टे, चार कोपरे, हा रिवाज. दोन इंची रॅचेट पट्टा तुटण्याची क्षमता १०,००० पौंड असली तरी त्याच्यावर भरवसा एक तृतीयांशाचाच, म्हणजे ३,३३३ पौंडांचा ठेवतात. आता पट्टा टायरवरून टाकण्याची पद्धत अधिक चालते: चाक तळाला घट्ट धरले जाते आणि गाडीचे सस्पेन्शन मोकळे राहते. पट्टे कुठे अडकवणार, हे ट्रेलर घेतानाच पाहावे. तळातल्या कड्या नुसत्या फळीला नव्हे, तर चौकटीला वेल्ड केलेल्या हव्यात. व्यावसायिक चालकांना पहिल्या ५० मैलांत थांबून माल पुन्हा तपासण्याचा नियम आहे. खासगी चालकानेही तो पाळावा, कारण पट्टे पहिल्या तासातच सैल होतात.

भाड्याने, की दुसऱ्याच्या हाती?

वर्षातून एखाद्या खेपेसाठी ट्रेलर विकत घेण्यात अर्थ नाही. १९४५ मध्ये शोएन दांपत्याने वॉशिंग्टन राज्यात सुरू केलेल्या यू-हॉलचे उघडे ट्रेलर गावोगाव भाड्याने मिळतात. रिकामे वजन २,२१० पौंड, वर चालणारे वजन ५,२९० पौंड, वेगाची शिफारस ताशी ५५ मैल. इम्पालाचे ३,७५० पौंड त्यात आरामात बसतात. विकत घेण्यापूर्वी एकदा भाड्याने घेऊन पाहिले तर आपली पिकअप किती झेपवते, मागे घेताना किती जागा लागते, हे अनुभवाने कळते.

नोकरी बदलून न्यू जर्सीहून टेक्सासला जाणारी मराठी कुटुंबे बहुधा ट्रेलरच्या वाटेला जात नाहीत. एकजण विमानाने जातो आणि गाडी वाहतूकदाराच्या आठ-नऊ मोटारींच्या दुमजली उघड्या ट्रेलरवर जाते. तिथेही निवड करावीच लागते. वाहतूकदाराची संघीय नोंदणी आणि विमा सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. गाडी देताना चारही बाजूंचे फोटो काढावेत, ओरखडे पावतीवर लिहून घ्यावेत, आणि उतरवून घेताना सही करण्याआधी तेच पुन्हा पाहावे. सहीनंतर सापडलेल्या ओरखड्याची भरपाई मिळवणे फार कठीण.

महाराष्ट्रात स्वतःच्या ट्रेलरवर मोटार नेणारे विरळाच. चाकणच्या कारखान्यांतून निघणारे कार-कॅरिअर सगळ्यांनी पाहिलेले असतात, आणि २०२५ च्या गणेशोत्सवासाठी कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा मोटारी वाहून नेण्याची सेवा सुरू केली. पण द्रुतगती मार्गावर गाडी बंद पडून फ्लॅटबेड येतो, तेव्हा मालकाला हेच ज्ञान उपयोगी पडते. ऑटोमॅटिक किंवा विजेवरची गाडी असेल तर दोन चाके उचलून ओढणारी व्हॅन नाकारून फ्लॅटबेडच मागवावा. चारही चाकांना पट्टे लागले का, ते स्वतः पाहावे. साखळी स्टिअरिंगच्या दांड्याला किंवा सस्पेन्शनच्या हाताला अडकवू देऊ नये. गाडीसोबत मिळालेला टो-हुक बंपरमधल्या झाकणामागे बसतो, तोच वापरायला सांगावा.

जुना ट्रेलर घेताना

अमेरिकेत वापरलेल्या ट्रेलरचा बाजार मोठा आहे आणि त्यात चांगला माल निम्म्या किमतीत मिळतो. पाहणी चौकटीखाली आडवे होऊन करावी. अॅक्सल मध्ये वाकलेला असेल तर टायर एका कडेने जास्त झिजलेला दिसतो. वेल्डिंगपाशी गंजाची बारीक रेघ म्हणजे तडा. टायरवरच्या ‘डीओटी’ अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचे टायर, नक्षी शाबूत असली तरी, बदलायचेच असे धरावे. चाके जमिनीवरून उचलून हाताने फिरवावीत. घरघर आली तर बेअरिंग संपले. बेअरिंगचे ग्रीस वर्षातून एकदा, किंवा १२,००० मैलांनी, बदलायचे असते, आणि विक्रेत्याला ते शेवटचे कधी बदलले हे सांगता येत नसेल तर ते बदललेलेच नाही असे समजावे.

मग सात पिनांचा प्लग पिकअपला जोडून दिवे, इंडिकेटर आणि ब्रेक लावून पाहावेत. ट्रेलर जोडून दहा-पंधरा मैल चालवावा, थांबावे आणि प्रत्येक चाकाच्या हबजवळ हात नेऊन पाहावा. तीन कोमट आणि एक चटका देणारा असेल, तर त्या चाकाचे ब्रेक चिकटताहेत किंवा बेअरिंग जाते आहे. शेवटी पट्टीवरचा क्रमांक आणि मालकीच्या कागदावरचा क्रमांक जुळवावा, आणि पट्टीच नसेल तर सौदा सोडून द्यावा. बाकी चार टायर, दोन बेअरिंग आणि ब्रेकची बॅटरी यांचा खर्च कागदावर मांडून विक्रेत्यासमोर ठेवावा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्यावेत.